गुलमर्गच्या हिमावर एक दिवस

दक्षिणेच्या पठारावर बर्फ म्हटलें म्हणजे उन्हाळ्यांत उसाच्या रसांत टाकावयाचा पदार्थ, एवढाच त्याचा परिचय बहुतेक घरांत असतो. आकाशांतून पडणारें हिम पाहावयाचें तर आम्हां लोकांस हजारांहून अधिक मैलांचा प्रवास करावा लागतो. आणि तेथें पोहोंचल्यावरही आमच्यापैकीं बहुतेक जण त्याचे गोळे करून एकमेकांवर फेकतात, छायाचित्रें काढतात, आणि ओले मोजे वाळवीत परत येतात. यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु हिमाशीं अधिक निकटचा परिचय करून घेण्याचा एक मार्ग आहे. पायांस लांब पट्ट्या बांधून, वाटेचा मागमूस नसलेल्या डोंगरावर स्वतःच्या बळानें चढून जावयाचें, आणि तेथून घसरत खालीं यावयाचें, हा तो मार्ग होय. अशा रीतीनें घालविलेल्या एका दिवसाची हकीकत वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे. तींत साहसाचा भाग थोडा आणि विचाराचा अधिक आहे. व तो विचारही मूळचा काश्मीरचा नसून धाराशिव जिल्ह्यांतील एका खेड्याचा आहे.

प्रथम या विद्येविषयीं थोडेसें सांगितलें पाहिजे. हिमावरून लाकडी पट्ट्यांवर चालण्याची कला उत्तर युरोपांत हजारों वर्षांची जुनी आहे. तेथें ती खेळ म्हणून जन्मास आली नाहीं. हिवाळ्यांत शिकारीस किंवा शेजारच्या गांवीं जावयाचें तर लोकांस दुसरें साधनच नव्हतें. १८८८ सालीं नॉर्वे देशाच्या फ्रिट्यॉफ नान्सेन यानें आपल्या सोबत्यांसह याच पट्ट्यांवरून ग्रीनलंडचें हिमाच्छादित पठार ओलांडलें, आणि त्या प्रवासाची हकीकत प्रसिद्ध झाल्यावर मध्य युरोपांतील लोकांस या विद्येचा छंद लागला. शेरलॉक होम्सच्या गोष्टी आमच्या पुष्कळ वाचकांनीं आवडीनें वाचल्या असतील. त्यांचे कर्ते कॉनन डॉइल हेही १८९४ च्या मार्च महिन्यांत स्वित्झर्लंडमध्यें डावोसहून आरोसा येथें मधला डोंगर ओलांडून याच पट्ट्यांवरून गेले होते. या पट्ट्यांस सर्वत्र ‘स्की’ म्हणतात. आम्हीही तोच शब्द वापरूं.

आपल्या देशांत या विद्येचें माहेर म्हणजे काश्मीरमधील गुलमर्ग. पीर पंजाल पर्वताच्या अंगावर, समुद्रसपाटीपासून सुमारें २६५० मीटर उंचीवर पसरलेलें हें कुरण उन्हाळ्यांत फुलांनीं आणि हिवाळ्यांत हिमानें भरून जातें. १९२७ सालीं तेथें इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनीं ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ स्थापन केला. पुढें १९४८ सालीं, काश्मीरचें युद्ध चालू असतांनाच, आपल्या सैन्यानें तेथें हिमावर वावरण्याचें शिक्षण देणारी शाळा काढली. अत्युच्च प्रदेशांतील युद्धाचें शिक्षण देणारी लष्कराची प्रसिद्ध संस्था ती हीच. १९९८ सालीं तारेवरून चालणाऱ्या पाळण्याचा, ज्याला तेथें गोंडोला म्हणतात त्याचा, पहिला टप्पा सुरू झाला. २००५ सालीं दुसरा टप्पा झाला, आणि अफरवट शिखराचा खांदा सामान्य माणसाच्या आटोक्यांत आला.

गोंडोलाच्या आसपास राखलेल्या उतारांवर घसरणें ही एक गोष्ट, आणि त्या राखलेल्या सीमेबाहेर, ज्या हिमावर कोणाची नजर नाहीं त्यावर जाणें ही अगदीं निराळी गोष्ट. पहिलीत कौशल्य लागतें. दुसरीत कौशल्याआधीं विवेक लागतो, कारण तेथें हिमलोटाचें भय असतें. डोंगराच्या उतारावर सांचलेल्या हिमाचा एखादा थर एकाएकीं सुटून खालीं धांवत येतो, त्यास हिमलोट म्हणतात. १९१० किंवा १९२० सालच्या जुन्या गोष्टी सांगण्याचें कारण नाहीं. ८ फेब्रुवारी २०१० रोजीं गुलमर्गजवळच्या खिलनमर्ग भागांत लष्कराच्या शिक्षणार्थी तुकडीवर असाच लोट कोसळून सतरा जवान मृत्युमुखीं पडले. ज्यांचा व्यवसायच हिमांत वावरण्याचा, त्यांचीही ही गत होते.

आतां ज्याच्यामुळें हा लेख लिहिण्याचें मनांत आलें त्या आमच्या मित्राविषयीं. आपलें नांव छापूं नये अशी त्याची अट असल्यामुळें त्याच्या गांवावरून आम्ही त्यास सोनारीकर म्हणूं. सोनारी हें परांडा तालुक्यांतील गांव. तेथील काळभैरवनाथ हा पुष्कळ घराण्यांचा कुलस्वामी असून चैत्रांत त्याची मोठी यात्रा भरते. देवळाच्या परिसरांत वानरांचें राज्य असतें. यात्रेकरूच्या हातांतील खोबऱ्याची वाटी देवाआधीं त्यांस पोहोंचली नाहीं, तर तें त्या यात्रेकरूचें भाग्य समजावें! तालुक्याच्या ठिकाणीं परांड्याचा भुईकोट किल्ला आहे. विजापूरची विख्यात मुलूख-मैदान तोफ १६३२ सालीं तिकडे नेण्यापूर्वीं याच किल्ल्यावर होती.

हा सारा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतो. पाऊस बेताचा, आणि तोही लहरी. त्यामुळें तेथल्या शेतकऱ्याचें सर्व लक्ष विहिरीकडे. विहिरीचें पाणी किती हात उतरलें यावर घरांतलीं लग्नकार्यें पुढें-मागें होत. सोनारीकराच्या घरीं चार पिढ्यांची शेती, आणि विहिरीच्या गोष्टी तर रामायणाइतक्या. विहीर खोदतांना वर काळी माती लागते, तिच्याखालीं मुरूम, मग काळा खडक. आणि खडकाच्या दोन थरांमध्यें कोठें कोठें तांबड्या, गेरूसारख्या मातीचा पट्टा लागतो. भूगर्भशास्त्रवेत्ते सांगतात कीं, आपलें पठार सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याच्या थरांचें बनलें आहे. एक थर निवाल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ लोटला, त्यांत पहिल्याच्या पाठीची झीज होऊन ही तांबडी माती झाली. वरचा खडक कितीही अभेद्य असो, मधला हा पट्टा मऊच राहतो.

१९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांत जिकडे तिकडे विहिरी खोल करण्याचें काम चालू होतें. सोनारीकराचे थोरले चुलते स्वतःच्या विहिरींत गड्यांबरोबर उतरले असतां अशाच एका तांबड्या पट्ट्यावरची दरड सुटली. गडी बाजूस होते ते वांचले. चुलते वर आले नाहींत. सोनारीकराचा जन्म त्यानंतरचा. परंतु त्याच्या आजोबांनीं पुढें प्रत्येक नातवास विहिरीच्या कांठावर उभें करून एकच धडा दिला : “वरचा खडक बघूं नको, तो कशावर बसला आहे तें बघ.” हें वाक्य आम्हीं सोनारीकराच्या तोंडून पुण्याच्या वसतिगृहांत प्रथम ऐकलें, तेव्हां त्याचा काश्मीरशीं कांहीं संबंध येईल अशी कल्पना स्वप्नांतही नव्हती.

आम्हां दोघांस स्कीचा नाद लागून सहा हिवाळे झाले होते. घरच्या वडील मंडळींस हा नाद अर्थातच पसंत नव्हता. “घसरावयाचें तर पावसाळ्यांत आपल्या अंगणांत घसरा, त्यासाठीं काश्मीर कशाला?” हा आमच्याकडील आजींचा प्रश्न. सोनारीकराच्या मातुःश्रींनीं मात्र प्रश्न न करतां भैरवनाथाच्या अंगाऱ्याची पुडी त्याच्या कोटाच्या खिशांत घातली होती. काळभैरव हा क्षेत्रपाल. काशीचा तर तो कोतवालच. सीमा ओलांडणाऱ्याची चौकशी त्याच्याकडे असते, असें त्यांचें म्हणणें.

२०२४ सालच्या फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यांतील गोष्ट. त्या वर्षीं गुलमर्गला जानेवारी जवळजवळ कोरडा गेला होता. एरवीं पांढरेंशुभ्र दिसणारें कुरण करडें पडलें होतें, आणि हिवाळ्यावर पोट असणारे तेथील लोक चिंतेंत होते. महिन्याच्या अखेरीस एकदांचें हिम पडूं लागलें, आणि पडलें तें भरपूर पडलें. आम्ही पोहोंचलों तेव्हां सर्वत्र आनंदीआनंद होता. आमच्या मनांतही एक बेत होता. कोंगडोरीच्या वरच्या अंगास एक रुंद, निष्कलंक उतार आहे. सोनारीकरानें तो तीन वर्षांपूर्वीं दुरून पाहिला होता, आणि तेव्हांपासून त्याचें चित्र त्याच्या लिहावयाच्या मेजावर लागलेलें असे. दोन हिवाळे हवेनें दगा दिला. या खेपेस तो उतरावयाचाच, या निश्चयानें तो आला होता.

वाट दाखविण्यास तेथील एक अनुभवी गृहस्थ बरोबर घेतले. वय पन्नाशीच्या पुढचें; त्यांस सर्व लोक चाचा म्हणत, म्हणून आम्हीही तसेंच म्हणूं लागलों. सकाळीं नून-चहा घेतांना त्यांनीं आमच्या सामानाची झडती घेतली. प्रत्येकाच्या छातीशीं एक लहानसें बिनतारी यंत्र बांधलेलें असतें. तें सतत संदेश पाठवीत राहतें. कोणी हिमाखालीं गाडला गेला तर इतरांनीं आपलीं यंत्रें ऐकण्याकडे फिरवून त्याचा शोध घ्यावयाचा. जागा सांपडली कीं घडीच्या लांब सळईनें टोंचून खोली पाहावयाची, आणि मग फावड्यानें उकरावयाचें. हें सारें किती त्वरेनें झालें पाहिजे हें ऐकून वाचकांस नवल वाटेल. गाडल्या गेलेल्या माणसास पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलें तर तो वांचण्याचा संभव फार मोठा असतो; अर्धा तास उलटला कीं तीन माणसांत एखादाच वांचतो. म्हणजे गांवांतून मदत येईल ही आशा व्यर्थ. बरोबरचे सोबती हेच वैद्य आणि हेच दैव. चाचांनीं आम्हां दोघांकडून हिमांत पुरून ठेवलेलें एक यंत्र दोनदां शोधून घेतलें, तेव्हां कुठें त्यांचें समाधान झालें.

गोंडोलाच्या पहिल्या टप्प्यानें कोंगडोरीस जाऊन तेथून आम्ही तिघे पायीं निघालों. स्कीवरून चढावयाचें कसें, असा प्रश्न कोणासही पडेल. स्कीच्या तळास एका बाजूनें केस असलेल्या पट्ट्या चिकटवितात. पूर्वीं त्या सीलमाशाच्या कातड्याच्या असत. आतां बोकडाच्या केसांच्या किंवा नायलॉनच्या असतात, तरी नांव अजून कातडेंच राहिलें आहे. मांजराच्या पाठीवरून एका बाजूनें हात फिरवला तर सरकतो आणि उलट फिरवला तर अडतो, त्याप्रमाणें या पट्ट्या पुढें सरकतात, मागें घसरूं देत नाहींत. टांच मोकळी आणि पुढचा पाय बांधलेला, अशा स्थितींत माणूस पाऊल न उचलतां पुढें ओढीत चढतो. नागमोडी वळणें घेत, एकामागून एक, आम्ही वृक्षांची सीमा ओलांडून वर आलों.

तेथील शांततेचें वर्णन करणें कठीण. वारा पडलेला होता. हिम सर्व आवाज पिऊन टाकतें. आपला श्वास आणि स्कीची सळसळ एवढेंच काय तें कानीं येई. सोनारीकर बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग थांबून, काठीनें भोंवतालचा विस्तार दाखवीत तो म्हणाला, “अरे, हें सगळें पाणी आहे. नुसतें उभें राहिलेलें पाणी.” ताज्या हिमाचा दहा अंगुळें थर वितळला तर साधारण एक अंगुळ पाणी होतें. त्या डोंगरावरचें पाणी वसंतांत ओढ्यानाल्यांतून उतरून शेवटीं झेलमला मिळतें, आणि खालच्या भातशेतीस पुरतें. ज्या गांवांत पाण्याचा थेंब जमिनीच्या पोटांतून उपसावा लागतो, तेथील माणसास पाणी असें डोंगराच्या माथ्यावर, उघड्यावर, कोणी न राखतां पडलेलें पाहून काय वाटलें असेल, याची आम्हीं कल्पनाच करावी हें बरें.

अकराच्या सुमारास तो उतार समोर आला. वाचकहो, त्याचें सौंदर्य असें कीं पाहणाऱ्याचा विवेक तेथल्या तेथें सुटावा. वरच्या धारेपासून खालच्या झाडींपर्यंत एक सलग पांढरें वस्त्र पसरलेलें. त्यावर पक्ष्याच्या पायाचाही ठसा नव्हता. चाचांनीं उपकरणानें कोन मोजला तो छत्तीस अंश भरला. आणि येथेंच मेख आहे. तीस अंशांहून कमी उतारावर हिम सहसा सुटत नाहीं. फार उभ्या कड्यावर तें टिकतच नाहीं, पडतां पडतांच ओघळून जातें. तीस आणि पंचेचाळीस यांच्या दरम्यानचा उतार मात्र हिमास धरूनही ठेवतो आणि सोडूनही देतो. स्की करणाऱ्यास सर्वांत प्रिय असणारा उतार नेमका हाच!

चाचा म्हणाले, “पहिल्यांदा आंत पाहूं.” त्याच दिशेस तोंड असलेल्या, परंतु लहान व निर्धोक अशा एका चढावर आम्हीं खड्डा खणावयास घेतला. चाचांच्या हातांतून फावडें सोनारीकरानें घेतलें, आणि त्याचे हात आपोआप चालूं लागले. छातीइतका खोल खड्डा झाल्यावर त्यानें एक बाजू भिंतीसारखी सरळ तासली आणि गुडघे टेकून तो तिच्यापुढें बसला. भिंतींत थर स्पष्ट दिसत होते. वर हातभर मऊ, ताजें हिम. त्याच्याखालीं वाऱ्यानें दाबून घट्ट केलेला थर, लादीसारखा कठीण. त्याखालीं बर्फाची पातळ पापडी. आणि अगदीं तळाशीं, जमिनीलगत, वीतभर जाडीचा एक निराळाच पट्टा. सोनारीकरानें हातमोजा काढून तेथलें हिम मुठींत घेतलें. त्याचा गोळा होईना. दाणेदार साखरेसारखें तें बोटांतून गळून गेलें.

याचें कारण चाचांनीं सांगितलें तें असें. हंगामाच्या आरंभीं थोडेंसेंच हिम पडलें, आणि मग आठवडेच्या आठवडे आकाश निरभ्र राहिलें. जमीन आंतून उबदार, आणि रात्रीची हवा अत्यंत थंड. अशा वेळीं पातळ हिमांतून वाफ खालून वर जाऊं लागते, आणि मूळच्या चांदणीसारख्या कणांचे मोठे, कोरडे, एकमेकांस न चिकटणारे खडे बनतात. इंग्रजी बोलणारे त्यास साखर-हिमच म्हणतात. कोरड्या जानेवारीनें तळाशीं ही साखर पसरून ठेवली होती, आणि फेब्रुवारीनें तिच्यावर लादी ठेवली होती. वरून पाहणाऱ्यास दिसे तें केवळ शुभ्र वस्त्र.

मग परीक्षा घेतली. हातभर लांबीरुंदीचा एक खांब चोहोंकडून मोकळा कापावयाचा, त्यावर फावड्याचें पान ठेवावयाचें, आणि वरून थापा मारावयाच्या. दहा मनगटापासून, दहा कोपरापासून, दहा खांद्यापासून. मनगटाच्या दहा थापांस खांब उभा राहिला. कोपरापासूनच्या तिसऱ्या थापेस वरचा सबंध ठोकळा खालच्या साखरेवरून सुरीनें कापल्यासारखा पुढें सरकला आणि आमच्या मांडीवर आला. कोणी कांहीं बोललें नाहीं.

चाचा आपलें मत लादणारे नव्हते. ते म्हणाले, “मला हें आवडलें नाहीं. तरी अगदीं डाव्या कडेच्या धारेनें, एका वेळीं एक, असें जातां येईल. कित्येक जण जातात.” आमची दृष्टि उताराकडे होती, आणि मन तिकडेच ओढ घेत होतें, हें लपवून काय उपयोग? तीन वर्षांची प्रतीक्षा, इतका प्रवास, खर्च, आणि हवा तर अशी कीं पुन्हां मिळेल न मिळेल. निर्णय सोनारीकराचा होता, कारण बेत त्याचा होता. तो पुष्कळ वेळ त्या सरकलेल्या ठोकळ्याकडे पाहत राहिला. मग उठून अंगावरचें हिम झटकीत म्हणाला, “हा तांबडा पट्टा आहे. चला परत.”

तांबडा पट्टा म्हणजे काय हें चाचांस कळलें नाहीं. त्यांस सोनारीची विहीर आणि १९७२ सालची गोष्ट मोडक्यातोडक्या हिंदींत समजावून सांगितली. ती ऐकून त्यांनीं सोनारीकराच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आपण कितीजणांना उकरून काढलें हें त्यांनीं त्या दिवशीं प्रथमच आम्हांस सांगितलें. तो आंकडा येथें देण्याची आमची इच्छा नाहीं.

आम्ही खालीं उतरण्याच्या तयारींत असतां दुसऱ्या एका टोळीतील दोघे त्याच उताराच्या माथ्यावर आले. आमच्या देखत ते एकामागून एक तो उतार उतरले. हिमाचे फवारे उडवीत, डौलदार वळणें घेत, हर्षानें आरोळ्या देत ते झाडींत दिसेनासे झाले. कांहींही झालें नाहीं. त्यांच्या मागें त्या शुभ्र वस्त्रावर दोन सुंदर नागमोडी रेघा उमटल्या होत्या. आम्हीं मित्राकडे पाहिलें. त्याचा चेहरा उतरला नव्हता असें म्हणणें खोटें होईल. तो एवढेंच म्हणाला, “त्या विहिरींतही काकांच्या आधीं आठ दिवस माणसें उतरत होतींच.”

उतरतांना आम्हीं जो मार्ग घेतला तो सौम्य होता. कोन वीस-बावीस अंशांचा, आणि भोंवतालीं दाट झाडी. तेथेंही ताजें हिम गुडघाभर होतें. स्कीखालचें कातडें काढून घडी घातलें, टांचा बांधल्या, आणि शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर देत वळत गेलों. अशा हिमांत पायांखालीं जमीन आहे असें वाटतच नाहीं. माणूस पोहत आहे कीं उडत आहे याचा निर्णय होत नाहीं. सोनारीकर दोनदां पडला आणि दोन्ही वेळां तोंडांत भरलेलें हिम थुंकीत हंसत उठला. एका वृक्षाखालीं बसून फराळ केला. घरच्या दशम्या थंडीनें पापडासारख्या कडक झाल्या होत्या; शेंगदाण्याच्या चटणीनें मात्र तिथेंही आपला गुण सोडला नाहीं, आणि चाचांनीं ती तीनदां मागून घेतली.

गुलमर्गच्या कुरणाच्या कडेवरून पुढें रानांतून खालीं गेलें म्हणजे बाबा रेशी नांवाचें स्थान येतें. पंधराव्या शतकांतील संत बाबा पयामुद्दीन यांची ती समाधि. काश्मीरच्या या संतपरंपरेस ‘रेशी’ म्हणतात, तो शब्द आपल्या ‘ऋषि’ शब्दापासूनच आला आहे. हे पुरुष पूर्वीं राजदरबारीं मोठे मानकरी होते. हिवाळ्याची बेगमी करणाऱ्या मुंग्यांची रांग पाहून, आपण परलोकाची कांहींच बेगमी केली नाहीं असें मनांत आलें आणि त्यांनीं सर्वसंग सोडला, अशी कथा सांगतात. तिसऱ्या प्रहरीं आम्ही तेथें पोहोंचलों. नवस बोलणारीं आणि फेडणारीं कुटुंबें येत-जात होतीं. फेरनाच्या आंत कांगडी धरून म्हातारीं माणसें उन्हांत बसलीं होतीं. आणि सभोंवारच्या झाडींत वानरें! गुलमर्गच्या रानांतील एका टेकडीस तर स्की करणाऱ्यांनीं वानरांवरूनच ‘मंकी हिल’ असें नांव दिलें आहे. सोनारीकरानें उरलेल्या दशमीचा तुकडा एका वानरास दिला, आणि तें घेऊन झाडावर गेल्यावर म्हणाला, “गांवीं पोहोंचल्यासारखें वाटतें.” मग खिशांतील पुडींतला चिमूटभर अंगारा कपाळास लावून, त्यानें स्की खांद्यावर घेतल्या.

आम्ही पुण्यास परतलों, आणि २२ फेब्रुवारी रोजीं खिलनमर्गच्या बाजूस हिमलोट कोसळल्याचें वृत्त वाचलें. परदेशांतून आलेली स्की करणारांची एक टोळी त्यांत सांपडली. एका रशियन तरुणाचा अंत झाला, इतरांस वांचविण्यांत आलें. तो उतार आमचाच, असें आम्ही म्हणत नाहीं. मधल्या काळांत आणखी हिमही पडलें होतें. वृत्त वाचून आम्हीं सोनारीकरास कळविलें. “आपला निर्णय बरोबर ठरला,” असें त्यांत आम्हीं लिहिलें नाहीं, आणि त्यानेंही तसें म्हटलें नाहीं. कारण त्या दिवशीं दोघे जण आमच्या डोळ्यांदेखत सुखरूप उतरले होते, हेंही तितकेंच खरें आहे. हिमाच्या डोंगराची शिकवण इतर शिकवणींहून या एका बाबतींत कठोर आहे. शाळेंत उत्तर चुकलें तर मास्तर तत्काळ सांगतात. डोंगर नव्वद वेळां चुकीच्या उत्तरास शाबासकी देतो आणि एक्क्याण्णवाव्या वेळीं कांहीं न बोलतां वही मिटतो. म्हणून परिणाम पाहून निर्णयाची परीक्षा करावयाची नाहीं. निर्णय घेतेवेळीं जें दिसत होतें तें पाहिलें कीं नाहीं, एवढीच परीक्षा.

आमच्या वाचकांपैकीं फार थोडे हिमावर जातील. परंतु मुलें आतां पूर्वींपेक्षां दूरदूर जातात. कोणी हिमालयांत, कोणी परदेशीं. एखाद्या घरांतील तरुणानें अशा सहलीचा बेत सांगितला, तर वडील मंडळींनीं त्यास सरसकट अडवूं नये, असें आम्हांस वाटतें. डोंगराच्या मोकळ्या हवेंत मन आणि शरीर यांस जो लाभ होतो तो अन्यत्र होणें नाहीं. मात्र त्यास तीन गोष्टी अवश्य विचाराव्या. बरोबर शोधक यंत्र, सळई आणि फावडें आहे काय, व तीं वापरावयास तो शिकला आहे काय? तेथला जाणता माणूस बरोबर आहे काय? संरक्षण संशोधन खात्याकडून हिमलोटाचे इशारे प्रसिद्ध होतात, ते निघण्यापूर्वीं पाहिले आहेत काय? आणि चौथी गोष्ट विचारावयाची नसून सांगावयाची : परत फिरून आलास तर या घरांत तुला कोणी हंसणार नाहीं.

सोनारीकराच्या मेजावरील तें चित्र अद्याप तेथेंच आहे. यंदा चैत्रांत आम्ही त्याच्याबरोबर भैरवनाथाच्या यात्रेस गेलों होतों. दर्शन झाल्यावर त्यानें आम्हांस मळ्यांत नेऊन ती जुनी विहीर दाखविली. तिच्या तांबड्या पट्ट्यास पुढें दगडी बांधकामानें आधार दिलेला आहे, आणि पाणी बरेंच खोल असलें तरी होतें. कांठावर त्याचा दहा वर्षांचा मुलगा उभा होता. सोनारीकरानें त्याचा हात धरला, खालीं वांकून बोटानें विहिरीच्या बाजूकडे दाखविलें, आणि आजोबांचें तें वाक्य त्यास सांगूं लागला. मग हिमाची गोष्ट निघाली. मुलानें विचारलें, “बाबा, तो उतार तुम्ही पुढच्या वर्षीं उतरणार?” सोनारीकर म्हणाला, “आधीं खणून पाहूं. मग सांगतों.”